लाल शाईतली ॲलर्जी : पहिल्या डोसनंतर बिघडलेल्या सेप्सिसचं एक प्रकरण

तिसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला फाइल उघडली, तर पहिल्याच पानावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईत ठळक अक्षरं : ‘सेफट्रायक्झोन ॲलर्जी’. खाली दोन रेघा. सही कुणाचीच नाही. त्याच फाइलला टाचलेला कल्चरचा (रक्तातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट मात्र सांगत होता की या बाईंच्या रक्तात सापडलेला ई. कोलाय हा जिवाणू सेफट्रायक्झोन या प्रतिजैविकाला चांगली दाद देतो. म्हणजे जे औषध त्यांना चालणार होतं, नेमकं तेच आम्ही आमच्या हाताने बाद करून ठेवलं होतं.

त्या दोन लाल रेघा तिथवर कशा पोहोचल्या, हे सांगण्यासाठी हे प्रकरण लिहिते आहे. रुग्णाची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पहिले चार तास

काकू ६१ वर्षांच्या. दहा वर्षांचा मधुमेह, गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात. दोन दिवस ताप, डाव्या कुशीत दुखणं, आदल्या रात्रीपासून उलट्या. दुपारी तीनच्या सुमारास आणलं तेव्हा बोलत होत्या, पण एकच प्रश्न दोनदा विचारावा लागत होता. ताप ३९.४ अंश सेल्सिअस, नाडी १२४, रक्तदाब ९२/५४, श्वास मिनिटाला २६. लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडलं की वाढणारं द्रव्य) ३.८. पांढऱ्या पेशी १८,६००, प्लेटलेट १ लाख १२ हजार, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.१ (तीन महिन्यांपूर्वीचं ०.९). जिवाणुसंसर्गात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन ४६. सोनोग्राफीत डावी किडनी सुजलेली आणि सीटी स्कॅनमध्ये मूत्रवाहिनीत ६ मिलिमीटरचा खडा, घट्ट अडकलेला.

निदानात काही कोडं नव्हतं. तुंबलेल्या किडनीत पू आणि त्यातून सेप्सिस. २०१६च्या व्याख्येनुसार सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे. संसर्गाला शरीराने दिलेलं उत्तर बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणं म्हणजे सेप्सिस. व्याख्येतला भर जंतूवर नाही, उत्तरावर आहे. हे वाक्य आम्ही सगळे परीक्षेत लिहितो आणि वॉर्डात विसरतो.

रक्ताच्या कल्चरच्या दोन जोड्या आणि लघवीचं कल्चर घेतलं. सलाईन सुरू झालं, वजन ६२ किलो म्हणून पहिल्या तीन तासांत साधारण १,९०० मिलिलिटर. ४ वाजून १० मिनिटांनी सेफट्रायक्झोन २ ग्रॅम, अर्ध्या तासात शिरेतून. रेडिओलॉजीला किडनीत नळी टाकण्यासाठी निरोप गेला.

५ वाजून २५ मिनिटांनी काकूंना हुडहुडी भरली. पलंगाच्या कठड्यांचा खडखडाट बाहेरच्या टेबलापर्यंत येत होता. दोन चादरी घातल्या तरी दातावर दात आपटत होते, बोटांची टोकं निळी पडली होती, ऑक्सिमीटर आकडा पकडत नव्हता. पंधरा मिनिटांत ताप ४०.३, श्वास ३४, रक्तदाब ७४/४०. लॅक्टेट ५.६. रक्तदाब चढवणारं नॉरॲड्रेनालिन सुरू केलं आणि पुढच्या तासाभरात ते मिनिटाला किलोमागे ०.२८ मायक्रोग्रॅमपर्यंत चढवावं लागलं.

मुलगी दारात उभी होती. तिने जे पाहिलं ते तिच्या दृष्टीने अगदी सरळ होतं : आई बोलत आली, इंजेक्शन दिलं, आई बोलायची थांबली. “इंजेक्शनची रिॲक्शन आली ना डॉक्टर?” तिने विचारलं. ड्युटीवरचा रजिस्ट्रार तिला काही सांगण्याआधीच माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, सेफट्रायक्झोन लागू पडत नाहीये. मेरो लावू?” मेरो म्हणजे मेरोपेनेम, त्याहून जास्त प्रकारच्या जिवाणूंवर चालणारं प्रतिजैविक.

एकच घटना, दोन अर्थ. मुलीच्या मते औषध बाधलं. रजिस्ट्रारच्या मते औषध कमी पडलं. तिसरी शक्यता दोघांच्याही मनात नव्हती. ती अशी की औषधाने आपलं काम नीट केलं, आणि मेलेल्या जिवाणूंचा मलबा एकदम रक्तात आला.

मलबा

ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या पापुद्र्यात लिपोपॉलिसॅकराइड नावाचे रेणू असतात, एकेका जिवाणूवर लाखोंनी. यालाच अंतर्विष किंवा एंडोटॉक्सिन म्हणतात. रिचर्ड फायफर यांनी १८९२मध्ये हा शब्द वापरला तेव्हा त्यांची समजूत होती की हे विष जिवाणूच्या आत दडलेलं असतं आणि तो मेला की बाहेर पडतं. ते आत नसून पापुद्र्यातच असतं हे पुढे कळलं, पण ‘जिवाणू मेला की मोकळं होतं’ हा भाग बरोबर निघाला. जिवंत जिवाणूही थोडं थोडं सोडत असतात. भिंत फुटली की ते एकगठ्ठा सुटतं.

रक्तात आल्यावर हे रेणू मॅक्रोफेज आणि मोनोसाइट या संरक्षक पेशींच्या पृष्ठभागावरच्या टीएलआर-४ या ग्राहकाशी जोडले जातात. हाच एंडोटॉक्सिनचा ग्राहक आहे हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८मध्ये दाखवलं. त्याबद्दल त्यांना २०११च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. एकदा ही कळ दाबली गेली की पेशीत एनएफ-कॅपा-बी हे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ या दाह पेटवणाऱ्या साइटोकाइनांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंती गळू लागतात, बारीक गुठळ्या व्हायला लागतात.

या लोंढ्याला स्वतःचं घड्याळ आहे. निरोगी स्वयंसेवकांना अगदी किंचित एंडोटॉक्सिन शिरेतून देऊन केलेले प्रयोग अनेक दशकं चालू आहेत. त्यात तास-दीड तासात थंडी वाजते, टीएनएफ साधारण दीड तासाला शिखर गाठतं आणि ताप तीन-चार तासांनी सर्वात जास्त असतो. काकूंना औषध सुरू झालं ४.१०ला, हुडहुडी भरली ५.२५ला. पंचाहत्तर मिनिटं.

औषधामुळे जंतू मरताना रुग्ण तात्पुरता बिघडणं ही काही नवी गोष्ट नाही. सिफिलिसच्या रुग्णांना पाऱ्याचे उपचार दिल्यावर चट्टे भडकतात हे आडोल्फ यारिश यांनी १८९५मध्ये आणि पुढे कार्ल हेर्क्सहायमर यांनी १९०२मध्ये नोंदवलं. लेप्टोस्पायरोसिसमध्ये पेनिसिलिनच्या पहिल्या डोसनंतर हेच होऊ शकतं आणि तिथे आम्ही ते नातेवाइकांना आधीच सांगून ठेवतो. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या न्यूमोकोकसच्या बाबतीत तर वैद्यकाने हा विचार थेट उपचारात आणला आहे : डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड प्रतिजैविकाच्या आधी किंवा त्याच्याबरोबर द्यायचं, जेणेकरून फुटलेल्या जिवाणूंनी भडकणारा दाह आधीच दाबला जावा. युरोपातल्या ३०१ रुग्णांच्या चाचणीत (२००२) वाईट परिणाम झालेल्यांचं प्रमाण यामुळे २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं.

प्रत्येक प्रतिजैविक सारखाच मलबा करत नाही. बीटा-लॅक्टम औषधं जिवाणूच्या भिंतीची डागडुजी करणाऱ्या प्रथिनांना (पीबीपी) अडवतात. पीबीपी-३ अडलं तर जिवाणू दोन भागांत विभागू शकत नाही. तो नुसता लांबत जातो, सूक्ष्मदर्शकाखाली शेवयांसारखा दिसतो, त्याचं वस्तुमान वाढतं आणि शेवटी फुटतो तेव्हा जास्त एंडोटॉक्सिन सोडतो. सेफ्टाझिडिम आणि ॲझट्रिओनाम ही याची ठळक उदाहरणं. पीबीपी-२ अडलं तर जिवाणू गोल गोळा होतो आणि लवकर मरतो, मलबा कमी. इमिपेनेम या बाजूचं. अमिकासिनसारखी अमिनोग्लायकोसाइड मुळात प्रथिनं बनवणंच थांबवतात, तिथेही एंडोटॉक्सिन कमीच सुटतं. पॉलिमिक्सिन तर एंडोटॉक्सिनच्या लिपिड-ए या भागाला स्वतःच जाऊन चिकटतात.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग कमी मलबा करणारं औषधच निवडावं. परीक्षानळीत आणि उंदरांत हा फरक स्वच्छ दिसतो. माणसांत, प्रत्यक्ष मृत्यूच्या आकड्यात, तो तसा उमटलेला नाही. एंडोटॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं १९९०च्या दशकात वाजतगाजत आली आणि पडली. पॉलिमिक्सिन लावलेल्या गाळणीतून रक्त फिरवण्याची मोठी अमेरिकी चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली, तिथेही २८ दिवसांच्या मृत्यूत फरक पडला नाही. त्यामुळे एंडोटॉक्सिन किती सुटेल यावर मी औषध निवडत नाही. त्या भीतीने औषध लांबणीवर तर मुळीच टाकत नाही. रक्तदाब पडल्यानंतर योग्य प्रतिजैविक मिळायला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटतं, असं २००६च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. त्या आकड्यावर पुढे वाद झाले, पण शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब असा कोसळलेला असताना, घाई करावी याबद्दल फारसं दुमत नाही. २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही शॉक असेल तर एका तासाच्या आतच औषध द्या म्हणतात. मलब्याचं ज्ञान मला उपयोगी पडतं ते पुढचे दोन-चार तास वाचताना.

बरोबर निर्णय, चुकीचं कारण

रजिस्ट्रारच्या प्रश्नाला मी ‘हो, लाव’ म्हटलं. मेरोपेनेम १ ग्रॅम सहा वाजता गेलं.

मग इतकं सगळं कशासाठी सांगितलं? कारण त्याने विचारलं होतं ते एका कारणाने आणि मी हो म्हटलं होतं दुसऱ्या. त्याचं म्हणणं, सेफट्रायक्झोन दिल्यावर बिघडल्या, म्हणजे ते हरलं. माझं म्हणणं, पहिल्या सव्वा तासात कुठलंच औषध हरत किंवा जिंकत नसतं. पण आता या शॉकमध्ये आहेत, जंतू ईएसबीएल (सेफट्रायक्झोनसारखी औषधं मोडून टाकणारं विकर) बनवणारा असू शकतो, आणि तसा निघाला तर सेफट्रायक्झोन कामाचं नाही. शॉकमध्ये तो जुगार परवडत नाही. कृती तीच. मात्र कारण चुकीचं पकडलं की तिसऱ्या दिवशीचा निर्णय चुकतो, कारण ‘हरलेल्या’ औषधाकडे परत जायला कुणाचा हात धजत नाही.

ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीचा, विचार करणं भागच होतं. अंगावर गांधी नाहीत, ओठ-जीभ सुजलेली नाही, छातीत शिट्टी नाही. उलट ताप ४०.३. ॲनाफिलॅक्सिस शिरेतून दिलेल्या औषधाला बहुतेक वेळा काही मिनिटांत येतो, सव्वा तासाने ताप घेऊन येत नाही. तरीही ट्रिप्टेजसाठी (हे विकर ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तात वाढतं) रक्त पाठवून ठेवलं. पाठवलं याचं मला पुढे फार बरं वाटलं.

खरं निर्णायक काम औषधाचं नव्हतंच. ७ वाजून २० मिनिटांनी सोनोग्राफीखाली, तेवढीच जागा बधिर करून, पाठीतून किडनीत नळी गेली. रेडिओलॉजिस्टने सिरिंज मागे ओढली तेव्हा आलं ते लघवीसारखं काही नव्हतंच. दाट, राखाडी-पिवळा, सुईत अडकत येणारा पू, चाळीसेक मिलिलिटर. त्यानंतर दाब कमी झाला तशी पातळ गढूळ लघवी पिशवीत ठिबकायला लागली. तुंबलेल्या पुवात प्रतिजैविक धड पोहोचत नाही. जिवाणूही तिथे संथ झालेले असतात आणि बीटा-लॅक्टमना वाढणारा जिवाणू लागतो. हॅरी ईगल यांनी १९५०च्या सुमारास उंदरांवर हेच दाखवलं होतं : संसर्ग जुना आणि दाट झाला की पेनिसिलिन कितीही द्या, गुण येत नाही.

इथे एक प्रामाणिक कबुली. काकूंचा तो बिघाड मलब्यानेच झाला, हे मी सिद्ध करू शकत नाही. तुंबलेल्या किडनीतून दर क्षणाला जिवाणू रक्तात जातच होते, औषध दिलं नसतं तरी त्या संध्याकाळी त्या शॉकमध्ये गेल्या असत्या, हेही तितकंच शक्य आहे. एंडोटॉक्सिन आम्ही खाटेशेजारी मोजत नाही. माझ्या हातात फक्त वेळेचा मेळ आहे, आणि पुढे आलेला एक पुरावा.

रात्री नॉरॲड्रेनालिन चढंच राहिलं म्हणून हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी सुरू केलं. पहाटे चारपासून नॉरॲड्रेनालिनचा पंप उतरवायला सुरुवात झाली. तिसाव्या तासाला तो बंद होता.

त्या रात्री चहा घेताना रजिस्ट्रारने एक चांगला प्रश्न विचारला होता : “मॅडम, ॲझिथ्रो जोडलं असतं तर? ते दाह कमी करतं म्हणतात.” म्हणतात ते खरंच आहे. ॲझिथ्रोमायसिन ज्यातलं, त्या मॅक्रोलाइड गटातली प्रतिजैविकं एनएफ-कॅपा-बी दाबतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणारं इंटरल्यूकिन-८ कमी करतात. जपानमध्ये डिफ्यूज पॅनब्रॉन्कायोलायटिस हा फुप्फुसांचा एकेकाळी जीवघेणा असलेला आजार कमी मात्रेच्या एरिथ्रोमायसिनने आटोक्यात आला, आणि तोही फुप्फुसातला स्यूडोमोनास हा जिवाणू त्या औषधाला जुमानत नसताना. म्हणजे तिथे ते प्रतिजैविक म्हणून काम करतच नव्हतं. न्यूमोनियात क्लॅरिथ्रोमायसिन जोडल्याने सुरुवातीची सुधारणा लवकर होते, असं २०२४मधल्या एका ग्रीक चाचणीतही दिसलं. पण लघवीतून आलेल्या सेप्सिसमध्ये त्यासाठी मॅक्रोलाइड द्यावं असा पुरावा माझ्यासमोर नाही, आणि ‘दिलं तर बिघडतं काय’ या वाक्यावर मी आजवर बरंच बिघडलेलं पाहिलं आहे.

याच्या उलट जिथे विष जिवाणू जिवंतपणी बनवतो, म्हणजे ग्रुप-ए स्ट्रेप्टोकोकसचा टॉक्सिक शॉक किंवा मांस कुजवत जाणारा संसर्ग, तिथे क्लिंडामायसिन जोडायचं ते विषाचा कारखाना बंद करण्यासाठीच. ते जिवाणूच्या रायबोसोमवर बसतं, प्रथिनं बनणं थांबतं, विषही थांबतं. तिथे पेनिसिलिन जिवाणू मारायला आणि क्लिंडामायसिन त्याचं तोंड बंद करायला. लिनेझोलिडही असंच वागतं. आमच्याकडचा जिवाणू त्या जातीचा नव्हता, एवढंच.

दुसरा डोस

आता पुन्हा त्या लाल रेघांकडे.

तिसऱ्या दिवशी कल्चर आलं : रक्तात आणि पुवात एकच ई. कोलाय, ईएसबीएल नाही, सेफट्रायक्झोनला संवेदनशील, सिप्रोफ्लॉक्सासिनला प्रतिरोधी. मेरोपेनेम थांबवून सेफट्रायक्झोनवर यायचं हे उघड होतं. सिस्टरांनी फाइल पुढे केली. “मॅडम, ॲलर्जी लिहिलीय.” कुणी लिहिलं विचारलं तर त्या संध्याकाळी धावपळीत कुणीतरी. ज्याने लिहिलं त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. डोळ्यांसमोर जे घडलं त्याला त्याने त्याच्याकडचा शब्द दिला. आमच्याकडे त्यासाठी दुसरा शब्दच नव्हता. फाइलमध्ये ‘ॲलर्जी’चा रकाना असतो, ‘जंतू फुटल्याची प्रतिक्रिया’ असा रकाना नसतो.

हा शिक्का हलका नसतो. अमेरिकेतल्या रुग्णालयांत दहातल्या एकाच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी असते आणि नीट तपासलं तर त्यातल्या ९० टक्क्यांहून अधिकांना ती नसते. पण शिक्का बसला की जन्मभर त्या माणसाला जास्त रुंद, जास्त महाग आणि आतड्याला जास्त नासवणारी औषधं मिळत राहतात.

ट्रिप्टेज सामान्य आलं होतं. मुलीला खुर्चीत बसवून मी पहिल्यापासून सांगितलं. ‘मेलेल्या जंतूंचा कचरा’ हे तिला पटकन समजलं. ‘मग तेच इंजेक्शन परत का?’ हेही तिने तितक्याच पटकन विचारलं. उत्तर असं की हुडहुडी औषधाला नव्हती, जंतूंच्या संख्येला होती. त्या दिवशी रक्त आणि किडनी जंतूंनी भरलेली होती. आता नळीने पू निघून गेलाय, दोन दिवसांच्या मेरोपेनेमने उरलेले जवळपास संपलेत. फोडायला गर्दीच नाही. यारिश-हेर्क्सहायमरची प्रतिक्रियाही अशीच पहिल्या डोसला येते, पुढच्यांना नाही. खरी ॲलर्जी असेल तर ती दुसऱ्या डोसलाही परत येण्याची भीती असते.

त्या दुपारी मी खाटेशेजारी उभी राहिले. ॲड्रेनालिन भरून ट्रेमध्ये ठेवलेलं. आधी शंभराव्या भागाइतका डोस, अर्धा तास वाट, मग दहावा भाग, मग पूर्ण. काकूंनी मला विचारलं, “तुम्ही घड्याळाकडे का बघताय सारख्या?” पंचाहत्तराव्या मिनिटाला काकू मुलीशी कुणाला फोन करायचा राहिलाय यावर वाद घालत होत्या. ताप ३७.२, रक्तदाब ११८/७०. मघाशी म्हटलेला पुरावा तो हा. निर्णायक नाही, पण ॲलर्जीच्या विरोधात पुरेसा.

मी लाल शाई खोडली, शेजारी निळ्यात कारण लिहिलं आणि सही केली.

दुसरं घड्याळ

पहिल्या तासांतला भडका दिसतो, त्याची गोष्ट सांगता येते. दुसरा परिणाम संथ असतो, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. माझ्या मते आज सेप्सिसची माणसं जास्त करून त्यानेच दगावतात.

सहाव्या दिवशी काकूंना ३८.१ ताप आला. सीआरपी हा दाहाचा आकडा, जो रोज उतरत होता, किंचित वर. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी ६००, म्हणजे कमी. तासाभरात दोन विभागांचे सल्ले आले : एकाचं म्हणणं ‘कव्हर म्हणून’ पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम, दुसऱ्याचं परत मेरोपेनेम आणि वर टायकोप्लानिन.

सहाव्या दिवसाचा रुग्ण पहिल्या दिवसाचा नसतो. एंडोटॉक्सिनच्या पहिल्या माऱ्यानंतर मोनोसाइट थकतात. दुसऱ्यांदा तीच कळ दाबली तर उत्तर क्षीण येतं. पॉल बीसन यांनी १९४०च्या दशकात सशांना टायफॉइडच्या जिवाणूंची लस पुन्हा पुन्हा टोचून हे पाहिलं होतं : रोजच्या डोसागणिक ताप उतरत गेला. सेप्सिसमध्ये याचं टोक गाठलं जातं. मोनोसाइटवरचं एचएलए-डीआर, म्हणजे जंतूचा तुकडा लिम्फोसाइटला दाखवण्याचं तबक, कमी होतं. लिम्फोसाइट मोठ्या संख्येने स्वतःहून मरतात. सेप्सिसने दगावलेल्यांच्या प्लीहा आणि फुप्फुसं मृत्यूनंतर लगेच तपासून २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उरलेल्या टी-पेशीही गळालेल्या, साइटोकाइन बनवायला असमर्थ आढळल्या. या काळात कॅन्डिडा ही बुरशी, ॲसिनेटोबॅक्टरसारखे जिवाणू, जुने झोपलेले विषाणू यांना मोकळं रान मिळतं.

नेमक्या याच काळात प्रतिजैविक आतड्यातले सहजीवी जिवाणू मारत असतं. ते जिवाणू नुसते भाडेकरू नसतात. त्यांच्या भिंतीचे तुकडे सतत थोडे थोडे रक्तात जातात आणि अस्थिमज्जेतल्या न्यूट्रोफिलना तयारीत ठेवतात, असं उंदरांत २०१०मध्ये दिसलं. आतडं प्रतिजैविकांनी रिकामं केलेल्या उंदरांना न्यूमोकोकस दिला तर ते जास्त मरतात. त्यांच्या फुप्फुसातले मॅक्रोफेज जिवाणू नीट गिळत नाहीत. ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू ब्युटिरेट बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. ते गेले की अस्तर गळकं होतं.

माणसांत याचं वजन किती? अमेरिकेत पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमचा तुटवडा पडला तेव्हा डॉक्टरांना नाइलाजाने सेफेपिम द्यावं लागलं, आणि ती आयती तुलना संशोधकांनी २०२४मध्ये मांडली. दोन्ही गटांना व्हॅन्कोमायसिन होतंच. ॲनेरोब, म्हणजे हे ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू, मारणाऱ्या पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या बाजूला ९० दिवसांतल्या मृत्यूचं प्रमाण सुमारे ५ टक्के-बिंदूंनी जास्त होतं. दुसरीकडे २०२३च्या, २,५११ रुग्णांच्या एका यादृच्छिक चाचणीत याच दोन औषधांत किडनीच्या इजेत किंवा १४ दिवसांच्या मृत्यूत फरक दिसला नव्हता, उलट सेफेपिममुळे गुंगी-भ्रम थोडे जास्त. तेव्हा वाद मिटलेला नाही. पण पोटात पू नसताना, ॲनेरोबचा संशय नसताना, ‘असू दे कव्हर’ म्हणून त्यांना मारणं फुकटचं नाही एवढं मानायला मला हे पुरेसं वाटतं.

एक बाजू आणखी, ओझरती : आपल्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया पूर्वजन्मीचे जिवाणूच, त्यांचे रायबोसोमही तसेच. लिनेझोलिड लांबलं की लॅक्टेट चढतो तो त्यामुळे. थकलेल्या पांढऱ्या पेशीला ऊर्जा हवी असताना तिच्या भट्टीवर पाणी ओतण्यासारखं ते आहे.

काकूंकडे परत. मानेतली सेंट्रल लाइन सहा दिवसांची होती आणि आता तिचं कामच नव्हतं. ती काढली. आत जाण्याच्या जागी त्वचा लालसर, बोट लावलं तर दुखरी. कल्चर पाठवलं, किडनीची सोनोग्राफी केली (साफ होती), प्रोकॅल्सिटोनिन पाहिलं : दुसऱ्या दिवशीच्या ८८च्या शिखरावरून आता ६. शिखरापासून ८० टक्क्यांहून जास्त घट असेल तर प्रतिजैविक थांबवायला हरकत नाही असा सर्वसाधारण संकेत आहे. नवीन काहीच सुरू केलं नाही. दोन्ही विभागांना फोन करून ‘बिघडल्या तर पहिला फोन तुम्हालाच’ असं सांगितलं, कारण कागदावर ‘नको’ लिहिणं सोपं असतं, रात्री दोनला त्यावर टिकून राहणं ड्युटीवरच्याला अवघड जातं. ती रात्र मला झोप लागली नाही हेही सांगून टाकते. सकाळी ताप ३७.४ होता. कल्चर पुढे निगेटिव्ह आलं.

सातव्या दिवसानंतर सेफट्रायक्झोनही बंद केलं. रक्तातल्या जिवाणुसंसर्गासाठी ७ दिवस की १४, यावर ३,६०८ रुग्णांची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी २०२४मध्ये आली. ९० दिवसांतले मृत्यू ७ दिवसांच्या गटात १४.५ टक्के, १४ दिवसांच्या गटात १६.१. म्हणजे कमी दिवस कमी पडले नाहीत.

आठव्या दिवशी काकूंच्या वरच्या ओठावर पाण्याने भरलेल्या बारीक पुटकुळ्यांचा झुपका उठला. नागीण नव्हे, साधं हर्पीस सिम्प्लेक्स. ‘ताप उतला’ म्हणून लोक ज्याकडे कौतुकाने बघतात तेच. मला त्यात वर्षानुवर्षं झोपलेला विषाणू पहारा ढिला पडल्याचं सांगताना दिसला. अर्थात हायड्रोकॉर्टिसोनचाही त्यात हात असणार. ॲसायक्लोव्हिरचं मलम दिलं. लिम्फोसाइट ९००वर आले होते. अकराव्या दिवशी नळीसह घरी.

पाच आठवड्यांनी खडा काढायला त्या पुन्हा दाखल झाल्या. शस्त्रक्रियेआधीच्या प्रतिजैविकाच्या जागी कुणीतरी अमिकासिन लिहिलं होतं. मी फाइल मागवली. नवीन फाइल, नवीन पहिलं पान, आणि कोपऱ्यात पुन्हा लाल शाईत : ‘सेफट्रायक्झोन ॲलर्जी’. माहिती घेणाऱ्या सिस्टरांना मुलीने नाही, काकूंनी स्वतःच सांगितलं होतं. “त्या इंजेक्शनने मी थरथरले होते,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या डोसच्या दुपारी मी घड्याळाकडे बघत होते हे त्यांना आठवत होतं. कशासाठी, ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी मुलीला सांगितलं होतं.

खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.